चौदावा चौकोन

"आणखी पाच वर्षांनी या हँगरमध्ये पान्हा उचलणारा एकही हात दिसणार नाही!" असं जावईबापूंनी सोमवारी सकाळी साडेआठला छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा समोर बसलेल्या चाळीस माणसांनी आपापल्या हातांकडे एकदा बघून घेतलं. दोघांनी तर ते खिशात घातले.

जावईबापू हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. विमानदुरुस्तीच्या त्या हँगरमधले ते परवानाधारक इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय विमान दाराबाहेर पडत नसे. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हँगरच्या मुख्य तपासनिसांची, म्हणजे सगळ्यांच्या मास्तरांची, मुलगी केली आणि त्या दिवसापासून शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्या गावाचे ते जावईबापू झाले. डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, मास्तर स्वतः तीन महिन्यांपूर्वी वारले, पण जावईबापू ते जावईबापूच!

नुकतेच ते एका मोठ्या परिषदेला जाऊन आले होते. परिषदेहून आलेला माणूस आणि नवी गाडी घेतलेला माणूस, दोघांनाही थांबवणं कठीण.

"नवीन विमानं वेळेवर मिळत नाहीत. म्हणून कंपन्या जुनीच उडवतायत. जुनं विमान म्हणजे दुरुस्ती जास्त. आणि दुरुस्तीवाले? ते निवृत्त होतायत! काम वाढतंय आणि माणसं आटतायत. यावर उपाय काय? जुळं!"

"कुणाला झालं?" पत्र्यांना रिव्हेट मारणाऱ्या काकांनी दचकून विचारलं. काका हँगरमधले सगळ्यांत जुने. त्यांच्या एका कानाला कमी ऐकू यायचं आणि तो कान ते भाषणाच्या वेळी पुढे करायचे.

"विमानाचं जुळं, काका! संगणकात प्रत्येक विमानाची एक हुबेहूब प्रत ठेवायची. विमानात उद्या काय बिघडणार, ते त्या प्रतीत आज दिसतं."

"म्हणजे ताप आधी जुळ्याला येणार?"

"अगदी बरोबर!"

"मग गोळी कुणाला द्यायची?"

चाळीसच्या चाळीस माणसं हसली. जावईबापूंनी घसा खाकरला आणि टेबलावरचं कापड ओढून काढलं. खाली परातीएवढं एक यंत्र होतं. सहा पाय, प्रत्येक पायाला चोखणारी वाटी, आणि पुढे छोट्या हातोडीचा एक हात. ते विमानाच्या अंगावर पालीसारखं चढायचं, पत्र्यावर टकटक करायचं आणि आवाजावरून आतलं दुखणं सांगायचं. निकाल बाजूच्या पडद्यावर उमटायचा: हिरवं 'ठीक', नाहीतर लाल 'तपासा'. हँगरने त्याचं नाव पाच मिनिटांत ठेवून टाकलं. खेकडा!

"गुरुवारी अकरा वाजता पाहुणे येतायत," मोठे साहेब उठून म्हणाले. त्यांचा आवाज मात्र हसरा नव्हता. "त्यांच्या कंपनीची आठ विमानं, पाच वर्षांचं काम. मिळालं तर हँगर चालेल. नाही मिळालं तर तुमच्यातल्या निम्म्यांना मला घरी पाठवावं लागेल. जावईबापू, प्रयोग फसता कामा नये."

"साहेब, प्रयोग फसला तर माझं नाव बदला!" जावईबापू म्हणाले. तसं ते बदललं गेलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं, पण ते असो.

"कोणत्या विमानावर दाखवायचं?" त्यांनी खेकड्याबरोबर आलेल्या प्रोग्रामर मुलीला विचारलं.

"कालच एक आलंय ना त्यांचं, मागच्या कोपऱ्यात. त्याच्याच शेपटीवर करू."

जावईबापूंनी मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. शेपटीवरचा नंबर वाचला. आणि हातातला पेला त्यांनी टेबलाऐवजी हवेत ठेवला.

*

ते का दचकले, हे कळायला मास्तरांची विद्या समजून घ्यायला हवी. विमानाच्या शेपटीला एक उभं सुकाणू असतं. ते आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं: दोन पातळ थर आणि मध्ये जाळी. जाळी घट्ट चिकटलेली असली की वरून नाण्याने ठोकल्यावर 'टण' असा स्वच्छ आवाज येतो. कुठे सुटली असली तर 'ठप'. मास्तर मेणाच्या पेन्सिलीने सुकाणूवर चोवीस चौकोन आखायचे आणि एकेक ठोकत जायचे. टक-टक... थांबायचे, ऐकायचे... टक. मग त्या चौकोनात बरोबरची खूण. चाळीस वर्षांत त्यांनी हा ताल बदलला नाही की खूण आधी करून ठोकणं नंतर केलं नाही.

निवृत्ती जवळ आली म्हणून शेवटचे सहा महिने कंपनीने त्यांच्या हातात एक मोजा घातला होता. त्याच्या बोटांत बारीक यंत्रं होती. मास्तर काय ठोकतात, कसा आवाज येतो, सगळं त्यात नोंदलं जायचं. खेकड्याला तेच शिकवायचं होतं. "माझ्या विद्येला थंडी वाजते का?" असं म्हणून मास्तरांनी मोजा घातला, आणि रोज सकाळी सगळ्यांत पहिली टकटक केली ती जावयाच्या हेल्मेटवर! टक-टक... टक. मग सगळ्या हँगरला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल: "पोकळ!" हँगर हसायचा. जावईबापूही हसल्यासारखं करून पुढे निघून जायचे. अकरा वर्षं रोज हाच निकाल. मोजा आल्यावर तो नोंदलाही जाऊ लागला, इतकंच.

तीन महिन्यांपूर्वी याच विमानाच्या सुकाणूवर मास्तर ठोकत होते. तेरा चौकोन झाले आणि त्यांनी छातीला हात लावला. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी जावयाचा हात धरला आणि म्हणाले, "चौदा राहिलाय."

विमान पाचला सोडायचं होतं. प्रवाशांची तिकिटं गेलेली. विमानकंपनीचा दर दहा मिनिटांनी फोन. दुसरा तपासनीस रजेवर. जावईबापू शिडीवर चढले, पेन्सिल घेतली आणि चौदा ते चोवीस अशा अकरा चौकोनांत अकरा खुणा केल्या. एकही टक न करता! खाली उतरून सही ठोकली. विमान पाच वाजून दोन मिनिटांनी उडालं.

मास्तर दोन दिवसांनी गेले. शेवटपर्यंत एकच शब्द: "चौदा." घरातले सगळे कोड्यात पडले. मेहुण्याने कपाटाचा चौदावा कप्पा शोधला. कपाटाला कप्पे सातच होते. मेहुणीने जुन्या वहीचं चौदावं पान उलटलं, तिथे दुधाचा हिशोब निघाला. अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस खाली मान घालून उभा होता. त्यानंतर तीन महिने डोक्यावरून कोणतंही विमान गेलं की जावईबापू त्याच्या शेपटीकडे बघायचे आणि ते दिसेनासं होईपर्यंत श्वास घ्यायचे नाहीत. भविष्यावर भाषणं देणाऱ्या माणसाला भूतकाळाने असं मानगुटीला धरलं होतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

*

सोमवारी दुपारी एकला हँगर जेवायला गेला. वीज वाचवायला निम्मे दिवे बंद झाले. एवढ्या मोठ्या छपराखाली अर्धवट अंधार पडला की विमानं झोपलेल्या जनावरांसारखी दिसतात. कुठेतरी पत्रा तापून कुरकुरतो, कुठे तेलाचा थेंब ताटलीत पडतो. जावईबापू आपल्या काचेच्या केबिनमध्ये डबा खात पाहुण्यांसाठी चित्रं तयार करत बसले होते.

एक वाजून दहा मिनिटांनी मागच्या कोपऱ्यातून आवाज आला.

टक-टक... टक.

जावईबापूंच्या हातातला घास हातातच राहिला. तोच ताल! मधली तीच थांबण्याची, कान देण्याची जागा. ते काचेपाशी गेले. शेपटीजवळच्या ठाण्यावरून खेकडा आपणहून निघाला होता आणि सुकाणूवर चढून एका जागी बसला होता. मेणाच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या, पण ती जागा जावईबापू झोपेतही दाखवू शकले असते. वरून चौथी ओळ, दुसरा चौकोन.

टक-टक... टक.

इतक्या लांबून टण आहे की ठप, हे मास्तरांच्या कानालाही कळलं नसतं. आणि जवळ जाऊन कान लावायची जावईबापूंची छाती झाली नाही. खेकडा दोन मिनिटं तसाच बसला, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग सहा पायांनी उलटा खाली उतरला आणि ठाण्यावर जाऊन गप्प झाला.

त्या प्रोग्रामर मुलीला एक शब्द विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे "हा चौदाव्यावरच का जातो?" असं विचारायचं, आणि मग ती विचारणार, "चौदावा म्हणजे?" चोराच्या मनात चांदणं! जावईबापू पुन्हा आपल्या चित्रांकडे वळले.

मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. यावेळी जावईबापूंनी ठरवून पाठ फिरवली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. लोखंडी कपाटांच्या दोन रांगा, एक टपकणारा नळ, बाकड्याखाली कुणाचे तरी बूट. ते बाकड्यावर टेकले. हुश्श!

घर्र-घर्र... घर्र.

आवाज कपाटातून आला. त्यांच्याच कपाटातून! आत काहीतरी पत्र्याला धडपडत होतं, थांबत होतं, पुन्हा धडपडत होतं. आत काय आहे ते जावईबापूंना माहीत होतं. मास्तरांचा मोजा! हॉस्पिटलमधून मास्तरांच्या वस्तू घेताना तो त्यांनी गुपचूप खिशात घातला होता. मोजा तपासला तर तेरानंतर टकटक नाही, हे उघड होईल, म्हणून तो कपाटात अगदी तळाशी, जुन्या स्वेटरखाली दडपून ठेवला होता.

त्यांनी दार उघडलं. स्वेटर हलत होतं. त्याखाली मोजा पाच बोटं पसरून पडला होता आणि मनगटापाशी थरथरत होता. जावईबापूंनी किंकाळी फोडली आणि दार आपटलं, ते स्वतःच्याच बोटावर!

सुजलेलं बोट घेऊन बाहेर आले तर दारात काका. काकांचा चांगला कान दाराच्या बाजूला होता.

"तुम्हालाही ऐकू आलं ना?" काका हळूच म्हणाले. "मला कालपासून येतंय. मला! ज्याला बायकोची हाक ऐकू येत नाही त्याला! मास्तरच ते. त्यांचं काहीतरी राहिलंय इथं."

"काका, आपण विज्ञानयुगात आहोत!"

"असू. पण तुमचा सदरा सकाळपासून उलटा आहे."

संध्याकाळपर्यंत हँगरभर झालं. मास्तर बसायचे त्या खुर्चीवर कुणी बसेना. एका वेल्डरने तर खुर्चीला विचारून शेजारची पक्कड उचलली. प्रोग्रामर मुलीला लोक येऊन विचारू लागले, "ताई, यात माणसाचं नक्की काय काय घातलंय?" ती म्हणाली, "आवाज." त्यावर चहाची वेळ नसताना सगळे चहाला गेले.

*

बुधवारी जावईबापूंनी मन घट्ट केलं. जेवणाच्या सुट्टीत ते एकटे शेपटीच्या शिडीवर चढले. खिशात एक नाणं होतं. किती सोपं होतं! अकरा चौकोन, अर्ध्या तासाचं काम. ठोकायचं, ऐकायचं, सुटायचं. त्यांनी नाणं चौदाव्या चौकोनापाशी नेलं.

हात पुढे जाईना. ठप आलं तर? तर तीन महिने किती माणसं या शेपटीच्या भरवशावर आकाशात बसली, झोपली, मुलांना मांडीवर घेऊन खिडकीतून ढग दाखवत होती! भुताची भीती त्यांना खरं तर नव्हतीच. त्यांना त्या एका आवाजाची भीती होती. त्यांनी नाणं खिशात टाकलं.

तेवढ्यात खालून पायांच्या वाट्यांचा चप-चप आवाज आला. एक वाजून दहा! खेकडा वर चढत होता.

"मामा," सासऱ्यांना हाक मारावी तसे जावईबापू म्हणाले, "मामा, चुकलं माझं. घाई होती हो! तुम्ही तरी समजून घ्या!"

खेकडा त्यांच्या कोपराला वळसा घालून चौदाव्यावर बसला. टक-टक... टक. मग डोळ्यासारखं भिंग त्यांच्याकडे वळवून बसून राहिला.

जावईबापूंनी त्या क्षणी जे केलं ते घाबरलेला माणूसच करू जाणे. पायाखाली ठेवायच्या रबरी चटईचा एक तुकडा तिथे पडला होता. तो त्यांनी सुकाणूच्या मागच्या अंगाला, बरोबर चौदाव्याच्या पाठीशी, चिकटपट्टीने डकवला. आवाजच दबला तर कुणाला ऐकू येणार नाही, पाहुण्यांना तर नाहीच! सुकाणू तिथे चांगलं पातळ असतं. युक्ती लागू पडली. पुढची टकटक अगदी दबकी आली. जावईबापू घाम पुसत खाली उतरले आणि भीतीच्या भरात त्या रबराला साफ विसरून गेले.

घरी बायकोने त्यांच्या बोटाला पट्टी बांधली.

"उद्या तुमचा प्रयोग ना? हे घ्या." तिने पदरातून एक जुनं, कडा झिजलेलं नाणं काढलं. "बाबांचं. ते ठोकायचे ते. त्यांच्या शर्टात होतं. तुमच्याकडे असू दे."

जावईबापूंनी ते असं घेतलं की जणू निखारा घेतायत.

"बाबा... म्हणजे मामा... काही अपुरं राहिलं तर फार चिडायचे का गं?"

"चिडायचे नाहीत. नुसते येऊन शेजारी उभे राहायचे. आपण ते पुरं करेपर्यंत." ती दिवा मालवायला वळली. "का हो?"

"काही नाही," जावईबापू म्हणाले आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

*

गुरुवारी अकराला पाहुणे आले. पाहुणे म्हणजे मुख्यतः एक बाई, विमानकंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. त्या कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते लिहून घ्यायच्या. शेपटीच्या दोन्ही बाजूंना मचाण लावलं होतं. एका बाजूला बाई, मोठे साहेब, जावईबापू आणि पडदा घेतलेली प्रोग्रामर मुलगी. दुसऱ्या बाजूला काका, काही पडलंझडलं तर धरायला. खाली सगळा हँगर माना वर करून उभा.

"बाईसाहेब," जावईबापूंनी हात पसरले, "आता माणसाचा हात न लागता चोवीस चौकोन तपासले जातील. पहिल्यापासून सुरू!"

मुलीने बटण दाबलं. खेकडा निघाला. पहिला चौकोन त्याने सोडला. दुसरा सोडला. सरळ चौथ्या ओळीत जाऊन बसला.

टक-टक... टक.

आवाज मेल्यासारखा आला. पडदा पिवळा झाला. हिरवा नाही, लाल नाही, पिवळा! त्यावर अक्षरं उमटली: 'काम अपुरे. चौदा ते चोवीस. तपासनिसाची वाट पाहत आहे.'

खाली कुणीतरी "मास्तर!" म्हणून ओरडलं. दोघे दाराकडे पळाले.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मुलगी गोंधळून पडद्यावर बोट फिरवत होती. "मास्तरांच्या मोज्यातली शेवटची नोंद आहे. तेराव्यावर थांबलीय. काम त्यांच्या नावावर उघडं आहे. मला वाटलं, चाचणीतला कचरा असेल. यंत्राला मोकळा वेळ मिळाला किंवा त्याच विमानावर नवं काम दिलं, की ते आधी अपुऱ्या कामावर जाऊन बसतं, आणि मोज्यालाही थरथरून आठवण देतं. रोज एक-दहाला, जेवणाच्या सुट्टीत."

"पण मोजा तर..." जावईबापूंच्या तोंडून निसटलं, "मोजा तर माझ्या कपाटात आहे! त्यातलं बाहेर कसं आलं?"

"मोज्यात काही राहतच नाही. सगळं तेव्हाच्या तेव्हा क्लाउडवर जातं. तुमच्याच भाषणात आहे, सातवं चित्र!"

"मग पुढचे चौकोन यंत्र स्वतः का तपासत नाही?" साहेब ओरडले.

"माणसाने सुरू केलेलं काम माणसानेच संपवायचं, असा नियम आहे. तोही जावईबापूंनीच घालायला लावलाय."

सगळे जावईबापूंकडे बघत होते. खेकडाही. त्या क्षणी त्यांना वाटलं, मास्तर शेजारी येऊन उभे आहेत, नुसते, न चिडता. आणि मग त्यांना ते सहन झालं नाही.

"पुढचे अकरा चौकोन मी ठोकले नाहीत," ते म्हणाले. "नुसत्या खुणा केल्या. सही केली. तीन महिने हे विमान माझ्या खोट्या खुणांवर उडतंय."

इतका मोठा हँगर, पण तेलाचा थेंब पडलेला ऐकू आला. मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन बंद केलं.

"नाणं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग ठोका."

जावईबापूंनी मास्तरांचं नाणं काढलं. खेकडा थोडा बाजूला सरकला, अगदी जागा करून दिल्यासारखा. टक-टक... टक.

ठप!

खाली सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. जावईबापू मचाणाच्या कठड्याला धरून खाली बसले. संपलं! परवाना संपला, हँगर संपला. त्याहून वाईट म्हणजे ती सगळी माणसं, ती मांडीवरची मुलं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"अहो जावईबापू," सुकाणूच्या पलीकडून काकांचा आवाज आला, "इथं मागं हे रबर कुणी डकवलंय?"

चर्रर्र करून चिकटपट्टी निघाल्याचा आवाज आला. जावईबापू उठले. नाणं धरलं.

टण!

इतका गोड आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पंधरा: टण. सोळा: टण. प्रत्येक वेळी ते थांबत होते, कान देत होते, आणि मगच तिसरी टक मारत होते. घाई नव्हती. घाई करायला आता उरलंच काय होतं! चोविसावा झाला तेव्हा त्यांचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. विमान निर्दोष होतं.

पडदा हिरवा झाला. 'काम पूर्ण.' मुलीने सुस्कारा टाकला आणि वायर उपसून यंत्र बंद केलं. खेकड्याचा दिवा विझला.

जावईबापू घाम पुसायला वाकले. आणि विझलेल्या खेकड्याचा हात हळूच लांब झाला.

टक-टक... टक.

त्यांच्या हेल्मेटवर!

पडद्यावर दोनच शब्द आले, पांढरे, ज्यांना ना हिरवा रंग होता ना लाल: 'पोकळ. चालेल.'

"हे... हे शब्द आम्ही घातलेलेच नाहीत," मुलगी पुटपुटली. "निकालासाठी आमच्याकडे फक्त 'ठीक' आणि 'तपासा'."

"चालेल असं ते कधीच म्हणाले नाहीत," जावईबापू म्हणाले. "फक्त पोकळ म्हणायचे. अकरा वर्षं."

तिने नोंदी चाळल्या आणि एक उघडली. आधी ती टकटक, मग मास्तरांचा खणखणीत आवाज: "पोकळ!" मग हँगरचं हसणं. मग पुढे निघून जाणारे बुटांचे आवाज, हळूहळू लांब होत गेलेले. आणि ते अगदी ऐकू येईनासे झाल्यावर, मोज्याच्या जवळ, स्वतःशीच बोलल्यासारखं: "चालेल."

"रोज?" जावईबापूंनी विचारलं.

"तुमच्या सुट्ट्या सोडून रोज. यंत्र तेच शिकलं."

"पण तू तर ते बंद केलं होतंस ना?" काकांनी पलीकडून विचारलं.

मुलीने वायरकडे पाहिलं. ती तिच्या हातात होती. "बॅटरीत थोडं उरलं असेल," ती म्हणाली, आणि त्या दिवशी ती चारलाच घरी गेली.

*

जावईबापूंचा सही करायचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला गेला, आणि तो काढून घेतला हे योग्यच झालं, असं ते स्वतः सांगतात. आठवड्याने बाईंचं पत्र आलं. काम हँगरला मिळालं होतं, एका अटीवर: प्रत्येक सुकाणू आधी माणसाने हाताने ठोकायचं, मग यंत्राने, आणि तो माणूस म्हणून जावईबापूंनाच नेमायचं. 'आपली खोटी खूण चारचौघांत कबूल करणारा दुसरा माणूस आमच्या पाहण्यात नाही,' असं बाईंनी खाली लिहिलं होतं. भविष्याचं भाषण पुन्हा झालं नाही. आता रोज सकाळी जावईबापू मेणाची पेन्सिल घेऊन रेघा आखतात आणि चाळीस जण त्यांच्या हातांकडे बघून हसतात.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. खोट्या खुणा, मोजा, रबर, सगळं. ती रागावली असावी, आणि तिला तो हक्कच होता. मग त्यांनी शेवटचं सांगितलं, हेल्मेटचं.

"अकरा वर्षं मला वाटायचं, मी त्यांना पसंतच नव्हतो. आणि ते मागून 'चालेल' म्हणायचे!"

"त्यात नवीन काय?" बायको डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही मला बघून गेलात ना, तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, मुलगा कसा वाटला. 'पोकळ आहे,' म्हणाले, 'पण चालेल. फक्त अधूनमधून ठोकून बघत जा.'"

आणि तिने हात उचलून त्यांच्या टकलावर बोट वाजवलं. टक-टक. थांबली, कान दिला. टक.